त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. चुकून लिहिलं गेलं असं म्हणायची सोय तुम्हाला ठेवायची नाही, कारण तुम्ही ते टाइप करून घेतलंत, वाचलंत, खाली सही केलीत आणि गोल शिक्का मारलात. "शाळेतील त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस विद्यार्थ्यांची दृष्टी सामान्य आढळून आली आहे. काही विद्यार्थ्यांच्या डोळ्यांना येणारी लाली ही घरगुती सुरमा व काजळ यांच्या वापरामुळे असण्याची शक्यता आहे. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे." एवढं लिहायला तुम्हाला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत सावरखडीच्या शाळेत तुमची जीप एकदा तरी आली का? एका तरी पोराची पापणी उलटून पाहिलीत का? तालुक्याच्या आरोग्य कार्यालयातल्या तुमच्या केबिनला काच आहे, पडदा आहे, एसी आहे. सावरखडीच्या शाळेला खिडक्या आहेत, पण त्यांना झडपा नाहीत, आणि खिडक्यांच्या समोर क्रशर आहे.

ते पत्र ज्या बाईच्या हातात पडलं तिचं नाव मलिका. शाळेत खिचडी शिजवते. सातवी पास. तुम्हाला वाटलं असेल, वाचेल, घडी घालील आणि गप बसेल.

सावरखडी संगमनेरपासून तासाभराच्या वाटेवर, नाशिक–पुणे रस्त्यावरच्या फाट्यावरून आत. गावामागं एक टेकडी होती. आता निम्मीच आहे. उरलेली निम्मी काकासाहेबांच्या खडी क्रशरनं खाल्ली. दगड वरून पडतो, जबड्यात भरडला जातो, जाळीवर चाळला जातो, आणि सगळ्यात शेवटी उरतो तो भुगा. त्याला तिथं डस्ट म्हणतात. वारा टेकडीकडून गावाकडं वाहतो आणि शाळा वाटेत पहिली. दोन खोल्या, चार वर्ग, त्रेचाळीस पोरं. मलिका सकाळी पातेलं विसळायची, चूल पेटवेपर्यंत त्याच्या तळाला पुन्हा पांढरा थर. पोरांच्या केसांवर पांढरं, वह्यांवर पांढरं. पोरं डोळे चोळायची. सगळी पोरं चोळतात म्हटल्यावर कुणाला त्यात नवल वाटेना.

मलिकाला दोन वर्षं नवल वाटलं नाही, ही तिची पहिली चूक. दुसरी चूक तिच्या सुरमेदाणीत होती. तिची लेक अलिझा तिसरीत. पोरीचे डोळे लाल दिसले की मलिका सुरम्याची सळई फिरवायची. तिच्या आईनं तिला हेच केलं होतं, सासूनं नवऱ्याला हेच केलं होतं. सुरमा थंड असतो, डोळ्यातली घाण ओढून काढतो. लाली वाढली तशी मलिका सुरमा दोनदा घालायला लागली.

नोव्हेंबरातली सकाळ होती. ऊन असं लख्ख की अंगणातल्या ताटलीकडं बघवेना. मलिकानं अलिझाला उंबऱ्यात बसवलं, उजव्या डोळ्यातून सळई फिरवली. पोरीनं उजवा डोळा घट्ट मिटला आणि डाव्या डोळ्यानं अंगणाकडं बघत विचारलं, "अम्मी, धुकं पडलं काय गं?"

मलिकाचा हात तिथंच थांबला.

"ही बोटं किती हायत?"

"अम्मी, शाळेला उशीर व्हतोय."

"किती हायत ते सांग आधी."

पोरगी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "लई हायत."

बोटं दोन होती.

त्या दिवशी खिचडी तिच्या जोडीच्या रंगूबाईनं एकटीनं शिजवली. मलिकानं पोरीला उचललं, फाट्यापर्यंत चालत गेली आणि एसटीनं संगमनेर गाठलं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी अलिझाची हनुवटी मशीनवर टेकवली, डोळ्यात पिवळा थेंब टाकला, निळा उजेड पाडला आणि "अरे देवा" म्हणाल्या.

"बुबुळावर ओरखडे आहेत. बारीक खडीचा भुगा जातो, पोरगी चोळते, ओरखडा पडतो. त्यात जंतू गेले. ही जखम भरून तिथं पांढरा डाग पडलाय. डाग कडेला आहे, हे नशीब. सूज उतरली की धुकं बरंच कमी होईल. पण परत एक जखम मधोमध झाली तर तो डाग नजरेच्या आड येईल. मग माझ्याकडचे थेंब काही कामाचे नाहीत. आणि हे काळं काय घातलंय?"

"सुरमा."

"आजपासून बंद. एकच सळई घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यात फिरवता तुम्ही. दुखऱ्या जागेवर घासता. धुळीनं सुरुवात केली आणि तुम्ही भर घातलीत."

दुसरी एखादी असती तर डॉक्टरीणबाईंवर चिडली असती. मलिकानं मान हलवली. "माझं चुकलं," म्हणाली. "पर बाई, सुरमा मी बंद करीन. धूळ कोन बंद करनार?"

"ते मला विचारू नका. शाळेत डोळे तपासायला येतात ना? त्यांना हे दिसलं नाही?"

दिसलं कसं नाही, ते परतीच्या एसटीत उघडं पडलं. पितृपंधरवड्यात आरोग्याचं पथक शाळेत येऊन गेलं होतं. भिंतीला अक्षरांचा तक्ता लावला, पोरांची रांग केली, एक डोळा झाकायचा आणि वाचायचं. अलिझाच्या नावापुढं 'सामान्य' लिहिलं होतं, ते मलिकानं स्वतः वहीत पाहिलं होतं.

"तवा तुला दिसत हुतं का गं?"

"उजव्यानं दिसत हुतं."

"आन डाव्यानं?"

"तवा बी धुकंच हुतं."

"मंग वाचलंस कसं?"

अलिझानं आईकडं असं पाहिलं, जसं काही आई अगदीच बावळट आहे. "माझा नंबर शेवटाकडं असतो ना. मुलं आधी, मुली मागनं. माझा नंबर यायस्तवर सगळ्यांनी तेच वाचलं. पाठ झालं की. म्हनू? र. ग, म. न, प, ल. क, त, व, स..." एसटीतली माणसं कौतुकानं बघायला लागली. "चुकलं तर सर उभं करत्यात."

त्या शाळेत सगळं असंच शिकवलं जातं. पाढे पाठ, कविता पाठ, प्रतिज्ञा पाठ. एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागून. डोळे तपासायला आलेल्या माणसानं तक्ता लावला आणि पोरांनी तोही धडाच समजला. आणि त्या माणसाला त्रेचाळीस पोरं उरकून दुपारच्या आत पुढच्या गावाला जायचं होतं.

मलिकानं अर्ज लिहिला. मुख्याध्यापक कानिफनाथ सरांना म्हणाली, तुमची सही करा. सर म्हणाले, "मलिकाताई, माझी दोन वर्षं राहिली आहेत. मला आता अकोले तालुक्याच्या डोंगरात बदली नको." मग तिनं घरोघर जाऊन एकोणतीस आयांच्या सह्या आणि अंगठे घेतले. तो अर्ज तुमच्याकडं आला. आणि पाच आठवड्यांनी तुमचं ते पत्र.

तिनं ते खिचडीच्या पातेल्याजवळ उभं राहून मोठ्यानं वाचलं. रंगूबाई वटाणे निवडत होती. साठीची बाई, जिभेला हाड नाही.

"काय म्हनतोय मुडदा?"

"पोरांचं डोळं काजळानं लाल झालं म्हनतोय. आन सुरम्यानं."

"आरं वा! माझ्या आजीनं काजळ घातलं, माझ्या आईनं घातलं. तवा न्हाई झालं लाल. काजळ काय आता पुन्यावरनं येतंय व्हय?" वटाण्यातला एक खडा तिनं दाराबाहेर भिरकावला. "आन तू गं? सुरमा म्हनला तर गप का बसलीस?"

"कारन सुरम्याचं खरं हाय, मावशी. निम्मं माझं पाप हाय."

"मंग?"

"मंग माझं निम्मं मी काढून टाकते. उरंल ते त्याचं."

हे तिनं केलं तसं करायला काळीज लागतं, साहेब. आपली चूक कबूल करून मग दुसऱ्याच्या दारात जायचं, हे तुमच्या ऑफिसात कुणी केलंय का कधी? मलिकानं स्वतःची सुरमेदाणी आडात टाकली आणि घरोघर फिरली. महिनाभर कुठल्याही पोराच्या डोळ्यात काही घालायचं नाही. सुरमा नाही, काजळ नाही, तूप नाही, मध नाही. मुसलमानांच्या आळीत तिला म्हणाले, ही कसली नवी शरियत? वरच्या आळीत म्हणाले, पोराला दृष्ट लागली तर तू भरून देणार का? रंगूबाई पुढं झाली. "तीट कानामागं लावा की! दृष्ट काय डोळ्यातनंच शिरती का?" अख्खा जानेवारी सावरखडीत पोरं कोऱ्या डोळ्यांनी शाळेत गेली. अलिझाची सूज उतरली, धुकं निम्मं गेलं. पण शाळेत दोन तास बसली की सगळ्यांचे डोळे पुन्हा तसेच, कुंकवासारखे.

मलिकानं दुसरा अर्ज केला. चारच ओळी. "एका जरी पोराच्या डोळ्यात सुरमा किंवा काजळ सापडलं तर मी खिचडीचं काम सोडीन. न सापडल्यास आपण काय सोडाल ते कळवावे." प्रत जिल्ह्याला, प्रत पेपरवाल्याला. ती पेपरात आली म्हणून तुम्हाला यावं लागलं.

तुम्ही यायच्या आदल्या दिवशी रंगूबाईचा लेक अमृत आईच्या घरी जेवायला बसला होता. तो क्रशरवर जाळीपाशी काम करतो. मलिका मुद्दाम गेली. "अमृत, फवारे हायत का रे तिथं?"

"हायत की. बारा हायत. पर पानी मारलं की ओली डस्ट जाळीला चिकटती. जाळी बुजती, माल निघत न्हाई. शेठ शिव्या देतो. म्हनून फाट्यावरच्या टपरीवाल्याला सांगून ठेवलंय. सायबाची जीप आत वळली की तो फोन करतो, आमी फवारे सोडतो. जीप परत गेली की फोन करतो, आमी बंद करतो."

"टपरीवाला जीप बघतो का सायेब बघतो?"

अमृतनं घास थांबवला. "जीप."

"जेव तू," मलिका म्हणाली. "आनखी एक भाकर वाढा, मावशी."

दुसऱ्या दिवशी साडेअकराला तुम्ही आलात. आणि काय सांगावं, हवा कशी भंडारदऱ्याच्या धरणावर असावी तशी. टेकडीवर बाराच्या बारा फवारे उडत होते, उन्हात इंद्रधनुष्य दिसत होतं. काकासाहेब तुमच्या आधीच येऊन बसले होते, शाल आणि नारळ घेऊन. "बघा साहेब, आपल्या डोळ्यांनी बघा. कुठाय धूळ? आता बायामाणसं म्हणली की राईचा पर्वत व्हायचाच." तुम्ही हसलात. मलिकानंही मान डोलावली. मग तुमच्या ड्रायव्हरला म्हणाली, "भाऊ, साहेबांना देण्याजोगं थंड पानी न्हाई इथं. फाट्यावरनं दोन बाटल्या आनता का? तुमी बी चहा घ्या. सावकाश या." तुम्ही म्हणालात, "जा." जीप गेली.

मग तुम्ही सोबत आणलेला तक्ता भिंतीला लावायला सांगितलात. तोच तक्ता. "वाद कशाला? तुमच्यासमोरच वाचून घेऊ. कुठली मुलगी ती?"

अलिझा पुढं आली. उजवा डोळा झाकला. र. ग, म. न, प, ल. एक अक्षर चुकलं नाही. काकासाहेबांनी टाळी वाजवली. "झालं? आता काय राहिलं?"

"साहेब, तक्ता काढा," मलिका म्हणाली.

"म्हणजे?"

"काढा आन गुंडाळून काखेत धरा."

कानिफनाथ सरांनी तक्ता काढला. भिंतीवर नुसता खिळा राहिला. मलिकानं लेकीचे दोन्ही डोळे आपल्या तळहातांनी झाकले. "वाच."

"र. ग, म. न, प, ल..."

आणि मागून, कुणी सांगितलं नसताना, अख्ख्या शाळेनं सूर धरला. "क, त, व, स!" बेचाळीस पोरं, कोऱ्या भिंतीकडं बघत, माना डोलावत, शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. दारात उभ्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"आमची पोरं लई हुशार, साहेब," रंगूबाई म्हणाली. "डोळं मिटून बघत्यात."

तुम्ही हसला नाहीत. कानिफनाथ सरही हसले नाहीत. ते उठले, फळा पुसला, खडू घेतला. "तुमची वही भरली त्या दिवशी रांग मी लावली होती," ते तुम्हाला म्हणाले. "मला कळायला हवं होतं. अकोल्याला पाठवायचं तर पाठवा." त्यांनी फळ्यावर वेगळी अक्षरं काढली, पोरांना अंगणात काढलं, खोलीत एकेकालाच घेतलं. एक डोळा, मग दुसरा. प्रत्येक पोराला नवी अक्षरं. वीस पोरं झाली तोवर त्यातली सात अडखळली होती. अलिझाला डाव्या डोळ्यानं पहिलं मोठं अक्षर दिसलं. दुसऱ्या ओळीला ती थांबली. तिथं पाठ केलेलं काही नव्हतं. "सर, मला येत न्हाई," ती म्हणाली, आणि उभं करतील या भीतीनं आपणच कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

सरांनी तिला हाताला धरून परत आणलं. "येत नाही नव्हे बाळा, दिसत नाही. तुझी चूक नाही."

तेवढ्यात खोलीतला उजेड बदलला. आधी वास आला, फोडलेल्या दगडाचा, कोरडा. मग खिडकीतून पांढरं काहीतरी हळूहळू आत आलं आणि बाकांवर बसलं. टेकडीवरचे फवारे बंद झाले होते. टपरीवाल्यानं जीप फाट्यावर परत आलेली पाहिली होती, आणि आपलं काम चोख बजावलं होतं. काकासाहेबांनी खिशातून मोबाईल काढला, नंबर लावला, पण क्रशरच्या घरघरीत तिकडं रिंग कोण ऐकतो?

पाचच मिनिटं, साहेब. पाच मिनिटांत तुम्ही चष्मा काढलात. रुमालानं पुसलात, परत घातलात, परत काढलात. मग डोळा चोळायला बोट वर गेलं.

"चोळू नका!" मलिका ओरडली. "ओरखडा पडंल. पान्यानं धुवा."

तिनं तांब्या आणून दिला. तुम्ही ओटीवर वाकून डोळे धुतलेत. वर पाहिलंत तेव्हा डोळे पोरांच्या डोळ्यांसारखेच होते.

"एक इचारू का साहेब? राग मानू नका," मलिका म्हणाली. "तुमी सुरमा घालता का?"

बायांच्यात पुन्हा हसू फुटलं, पण लगेच विरलं, कारण काकासाहेब उठून उभे राहिले होते. "मलिका, लई झालं. खिचडीचं काम शाळा समिती देते, आणि समितीत कोण आहे ते तुला ठाऊक आहे."

"काढा की," मलिका म्हणाली. "खिचडी घरी बी शिजवता येती. डोळा न्हाई."

"आन तिच्यासंगं माझं बी काढा," रंगूबाई म्हणाली. "अमृतचं बी काढा. मंग तुमीच या, त्रेचाळीस पोरांचं शिजवा, आन सायबांना जाळीवर उभं करा."

तुम्ही घसा साफ केलात. "हे पाहा, मी पाहणी केली आहे. अहवाल वर पाठवतो. योग्य ती कार्यवाही होईल."

मलिकानं शाळेचं शेरेबुक उघडून तुमच्यापुढं ठेवलं, पेन ठेवलं. तुम्ही लिहिलंत: "पाहणी केली. धूळ आढळली." आणि सही करायला पेन खाली नेलंत.

"थांबा." तिनं सहीच्या जागेवर हात ठेवला. पिठाचा, मिठाचा, भाजलेला हात. दुसऱ्या हातानं तिनं अलिझाला पुढं ओढलं, तिची डावी पापणी अलगद वर केली. "बघा. वाका जरा. कडंला पांढरा ठिपका दिसतोय? तो कडंला हाय म्हनून ही पोरगी अजून तुमचं तोंड बघतीय. मधी यायला एक ओरखडा पुरं. तुमचा अहवाल वर जानार, वरनं खाली येनार. पयल्या कागदाला पाच आठवडं लागलं. त्या दिवसांत ही पोरगी रोज हितं बसनार, सकाळी साडेधा ते पाच. तर मला वरचं काही सांगू नका. उद्या रविवार न्हाई, सन न्हाई, शाळा हाय. उद्या शाळेच्या टायमात हे क्रशर चालनार का बंद राहनार? चालनार असंल तर तसं ल्ह्या, 'चालू राहील' म्हनून, आन खाली तुमचं नाव घाला. बंद राहनार असंल तर तसं ल्ह्या. दोन्हीतलं एक. आमी हितंच बसलोय, पोरं बी हितंच हायत, आन तुमची जीप आली तरी तिच्यापुढं ह्या बाया उभ्या राहनार हायत. साहेब, चालू का बंद? उत्तर द्या."